चौथी दोरी सीलबंद

पतंगाला काड्या असतात, अशी माझी साठ वर्षं समजूत होती. मुलीने माझ्या निवृत्तीची भेट म्हणून पार्सलने जो पतंग पाठवला त्याला एकही काडी नव्हती. खोक्यातून निळं-पिवळं कापड निघालं. दोन माणसं आरामात झोपतील एवढं, रजईसारखे कप्पे शिवलेलं. पोटाखाली बारीक दोऱ्यांचं असं जाळं होतं की पहिल्या दिवशी ते उलगडायला सकाळी बसलो तो जेवायला दोनदा हाक आल्यावर उठलो. त्या जाळ्याला पुढे चार लांब दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला दोन मुठी. हवा कप्प्यांत शिरते, कापड फुगतं, वर जातं आणि माणसाला ओढतं, असं माहितीपत्रकात होतं.

"ओढतं म्हणजे कुठे?" बायकोने विचारलं.

"म्हणजे व्यायाम होतो," मी म्हणालो.

पहिल्या रविवारी सकाळी आमच्या इमारतीमागच्या मैदानावर मी तो उडवला. उडवला हा शब्द जरा सढळ हाताने वापरतोय. तो वर गेला, डावीकडे कलला, आणखी कलला आणि नाकावर आपटला. एकूण चार सेकंद. मी बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, त्यामुळे वेळ, वजन आणि अंतर याबाबतीत माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. असं मी अकरा वेळा केलं आणि कपड्यांना मातीचे डाग पाडून घरी आलो.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरीला असते आणि दर रविवारी फोन करते. त्या फोनचा मजकूर ठरलेला. "बाबा, बरा आहेस ना?" "बरा आहे. बरी आहेस ना?" "बरी." "जेवलास?" "जेवलो." "आईला दे." चाळीस सेकंद, कधीकधी अडतीस. त्या दिवशी मात्र तिने विचारलं, "उडवलास?"

"उडवला."

"मग?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण तिच्या आवाजात असं काही होतं, म्हणजे ती खरंच उत्तराची वाट बघत होती, की माझ्या तोंडून निघून गेलं, "उत्तम!"

मग ती विचारत सुटली. किती उंच गेला? वळतो कसा? हात दुखले का? डावीकडे ओढत नाही ना?

"छे, अजिबात नाही," मी म्हणालो. "अजिबात?" तिने पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "कमाल आहे तुझी." फोन बावीस मिनिटं चालला. आईला द्यायचं राहूनच गेलं.

खोटं बोलण्याचा मला सराव नाही, पण माणूस सरावतो. पुढच्या रविवारी पतंग उजवीकडे वळला. त्याच्या पुढच्या रविवारी त्याने कोलांटी मारली. सातव्या रविवारी मी त्याला आकाशात इंग्रजी आठचा आकडा काढायला लावला. प्रत्यक्षात तो तेव्हा कपाटात छत्र्यांच्या शेजारी होता. मला लाज वाटत नव्हती असं नाही, पण फोन पंचवीस मिनिटांवर गेला होता. लेकीशी इतकं मी ती शाळेत असल्यापासून बोललो नव्हतो.

आठव्या रविवारी ती म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी मी कामासाठी जाताना वाटेत उतरतेय. बारा ते चार. मला आठचा आकडा दाखव."

मी फोन ठेवला. बायको म्हणाली, "आता?"

"आता काय? सहा दिवस आहेत," मी म्हणालो. मनातून मात्र पार गळालो होतो. फजितीचं मला फारसं काही वाटत नाही. सरकारी नोकरीत ती अंगवळणी पडते. भीती होती ती चाळीस सेकंदांची. पतंग उडत नाही हे तिला कळलं की बोलायला काही उरणार नाही आणि आम्ही पुन्हा 'जेवलास?' वर येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

सोमवारी सकाळी मी कामाला लागलो. माहितीपत्रकात लिहिलं होतं की पतंग एका बाजूला ओढत असेल तर चारही दोऱ्यांची लांबी तपासा. लांबी तपासा! हे मला सांगत होते! मी पोलादी टेप काढला आणि आमच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोऱ्या ताणल्या. येणारे-जाणारे पाय उचलून उड्या मारत जात होते आणि माझ्याकडे आदराने बघत होते, निदान मला तरी तसं वाटलं. पहिली दोरी वीस मीटर. दुसरी वीस मीटर. तिसरी वीस मीटर. चौथी हातात घेतली आणि थबकलो. मुठीजवळ तिच्यावर एक छोटी गाठ होती आणि गाठीवर लाल, चकचकीत ठिपका होता. सील!

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या खात्यात सीलबंद वजन पुन्हा तोलत नाहीत. सील शाबूत आहे ना एवढं बघायचं आणि पुढे जायचं. सीलवर संशय घ्यायचा तर मग जगात विश्वास तरी कशावर ठेवायचा? मी भिंग लावून बघितलं. सील शाबूत होतं, कडेला कुठे ओरखडा नाही. मी वहीत लिहिलं : 'चौथी दोरी : सीलबंद. बरोबर.' आणि टेप गुंडाळला. दोऱ्या निर्दोष ठरल्यामुळे दोष पोटाखालच्या जाळ्यात असणार हे उघडच होतं.

जाळं कसं सुधारायचं याचा मी विचार करत असताना वरच्या मजल्यावरचे शेजारी जिना उतरले. ते निवृत्त इंजिनिअर आहेत, आयुष्यभर पूल बांधले, म्हणून सगळे त्यांना पूलवाले म्हणतात. ते व्हरांड्यात पसरलेल्या कापडाकडे बघून म्हणाले, "भार चुकलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे बघताय काय! सगळा भार मधल्या दोऱ्यांवर. कडेच्या नुसत्या पगार घेतायत." ते खाली बसले, खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर बाणच बाण काढले. "कडेच्या सहा आखूड करा. मी सांगतो. मी नदीवर पूल टाकलेत."

त्यातला एक पूल अजून अर्धाच आहे हे मला माहीत होतं, पण शेजारधर्म म्हणून मी काही बोललो नाही. सहा दोऱ्या आखूड केल्या. प्रत्येक बदल वहीत तारखेनिशी लिहिला. ही माझी सवय. कुणी हसो वा न हसो.

संध्याकाळी आम्ही दोघं मैदानावर गेलो. मैदानाच्या रखवालदाराने त्या पहिल्या रविवारी सकाळी मला हटकलं नव्हतं, पण सोमवारी संध्याकाळी दोन मोठी माणसं एवढं कापड पसरतात म्हटल्यावर त्याला कर्तव्य आठवलं. "परवानगी?" तो म्हणाला.

"पतंगाला परवानगी?"

"पतंगाला काड्या असतात," रखवालदार म्हणाला. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण माझंही मत तेच होतं.

मंगळवारी मी नगरपालिकेत गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने छापील अर्ज पुढे केला. त्यात मैदान वापरण्याची कारणं होती : सभा, सामने, कवायत, प्रदर्शन आणि तंबू. यापैकी एकावर खूण करायची. मी विचारलं, "इतर असा रकाना नाही?"

"इतरला परवानगी नसते," कारकून म्हणाला. "वस्तू कशाची आहे?"

"कापडाची."

"दोऱ्या आहेत?"

"भरपूर."

"मग तंबू," तो म्हणाला आणि शिक्का मारला. मी स्वतः बत्तीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलोय, त्यामुळे माणसाने एकदा शिक्का उचलला की तो थांबत नाही हे मला ठाऊक होतं. परवानगीपत्राच्या मागे अटी होत्या. तंबूजवळ वाळूच्या दोन बादल्या असाव्यात. तंबूत स्वयंपाक करू नये. तंबू जमिनीपासून सुटू नये.

तिसरी अट मी पुन्हा वाचली. मग मनाशी म्हणालो, आतापर्यंतच्या अनुभवावरून या पतंगाने ती मोडण्याचा धोका फारच कमी आहे.

बुधवारी स्कूटरवर पुढे वाळूच्या दोन बादल्या, मागे पूलवाले आणि त्यांच्या मांडीवर पतंग अशी आमची वरात निघाली. रखवालदाराने बादल्या मोजल्या आणि आत सोडलं. पतंग वर गेला, डावीकडे कलला आणि पडला. पण आता पडण्याआधी थरथरला. पूलवाले म्हणाले, "सुधारणा आहे."

परतताना तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या. हातात पतंग बघून त्यांनी आत बोलावलं, पेशंटच्या खुर्चीवर पतंग आडवा केला आणि दिवा ओढून पोटाखालचं जाळं तपासलं. मला उगाचच आ करावासा वाटला.

"इथे गर्दी झालीय," त्या म्हणाल्या. "मधल्या दोन दोऱ्या एकमेकींना ढकलतायत. थोडं अंतर द्यायला हवं."

"पण कडेच्या—" पूलवाले म्हणाले.

"कडेच्या कुणी आवळल्या? चुकीचं काम झालंय ते." डॉक्टरीणबाई दुसऱ्याने केलेल्या कामाबद्दल नेहमी असंच बोलतात. दात असो की दोरी. त्यांनी बारीक आकड्याने गाठी सोडवल्या, पाच दोऱ्या इकडच्या तिकडे केल्या आणि चोवीस तास वापरू नका असं सांगितलं. मी वहीत लिहिलं. पूलवाले रागावून जिन्याने एकटेच वर गेले.

चोवीस तासांनंतरही थोडा धीर धरून शुक्रवारी सकाळी मी पूलवाल्यांशिवायच गेलो. बायको बाकावर बसायला आली होती, पण ते माझ्या काळजीने की बादल्यांच्या, कुणास ठाऊक. वारा दणकून होता. मी मुठी घट्ट धरून मागे रेललो. पतंग फुगला, पण वर गेलाच नाही. डावीकडे वळला आणि जमिनीलगत सुसाट सुटला, आणि मी त्याच्यामागे. आधी धावत, मग गुडघ्यांवर, मग माहितीपत्रकात ज्याला 'बैठी स्थिती' म्हटलंय त्या स्थितीत. मुठी सोडून द्याव्यात हे मला सुचलं नाही असं नाही. पण सरकारी माणूस हातातली वस्तू पोचपावतीशिवाय सोडत नाही. मैदानाच्या डाव्या टोकाला फुटबॉलची जाळी आहे. आम्ही दोघं त्या जाळीत गेलो.

"गोल!" रखवालदार ओरडला.

माझ्या पँटचा मागचा भाग मैदानावर राहिला होता. बायकोने स्वतःची ओढणी काढून दिली आणि मी ती कमरेला गुंडाळून घरी आलो. जिन्यात पूलवाले भेटले. त्यांनी ओढणीकडे बघितलं, मग पतंगाकडे. "मी म्हणालोच होतो," ते म्हणाले आणि त्यांचा राग गेला.

शनिवारी वारा पडला. सकाळी मी खुर्चीवर उशी घेऊन बसलो होतो. उद्या बाराला ती येणार आणि मी काय सांगणार? आजारी पडावं का, इथपर्यंत विचार गेला. बायको जमिनीवर बसून दोऱ्यांतलं गवत वेचत होती. चौथ्या दोरीपाशी आली आणि थांबली.

"हे काय आहे?"

"सील. हात लावू नकोस."

तिने चष्मा नाकावर सरकवला. "अहो, ही नेलपॉलिश आहे."

"कंपनीचं सील आहे ते."

"कंपनीचं कसलं? माझ्या लेकीची आहे. मागच्या खेपेला लावून आली होती. मी म्हणाले पण होते तिला, हा रंग फार भडक आहे म्हणून." तिने नखाने ठिपका खरवडला. खाली गाठ होती. साधी, घाईत मारलेली. दोरी तुटल्यावर जोडायला मारतात तशी.

मी उठलो, टेप आणला. चौथी दोरी एकोणीस मीटर एकोणनव्वद सेंटिमीटर भरली. अकरा सेंटिमीटर कमी. पतंग बिचारा पहिल्या दिवसापासून सांगत होता की मला डावीकडे कुणी तरी ओढतंय, आणि मी ऐकत नव्हतो. बत्तीस वर्षं लोकांची खोटी वजनं पकडली आणि घरातलं खोटं माप सील बघून सोडून दिलं.

मग मला राग आला. "म्हणजे वापरलेला पतंग पाठवला! तोडून, गाठ मारून, रंग लावून! आणि वर विचारते, डावीकडे ओढत नाही ना? तिला माहीत होतं! आणि मला चक्क फसवलं!"

"आणि तुम्ही काय केलंत आठ आठवडे?" बायको म्हणाली. "आठचा आकडा कुणी काढला?"

मी खाली बसलो. मग आम्ही दोघांनी बाकीच्या तीन दोऱ्या अकरा सेंटिमीटरने आखूड करून मुठींना लावल्या. पोटाखालचं जाळं वहीप्रमाणे उलट्या क्रमाने पूर्वीसारखं केलं. अकरा बदल होते, सगळे तारखेनिशी, एकही चुकला नाही. बायको म्हणाली, "वहीचा उपयोग होतो तुमच्या." एवढं कौतुक मला निवृत्तीच्या समारंभातही मिळालं नव्हतं. पण वारा नव्हता. उडतो का ते बघता आलं नाही.

रविवारी बाराला ती आली. मागच्या खेपेपेक्षा बारीक दिसली. जेवताना दोनदा म्हणाली, "बाबा, वारा नसेल तर राहू दे हं." मी म्हणालो, "वारा आहे." ती म्हणाली, "नाही, म्हणजे तुझे हात दुखत असतील तर." मी म्हणालो, "अजिबात नाही." आम्ही दोघंही भाताकडे बघत होतो.

मैदानावर मी पतंग पसरला. ती सरळ मुठींपाशी गेली, वाकली आणि चौथी दोरी शोधून काढली. अर्धवट खरवडलेल्या लाल ठिपक्यावरून तिने बोट फिरवलं. मग बाकीच्या तीन बघितल्या.

"बाबा, या तीन कुणी आखूड केल्या?"

"कुणी म्हणजे... हवामानाप्रमाणे कराव्या लागतात."

ती तशीच गवतात बसली. "बाबा, माझ्याकडे हा तीन सेकंद उडायचा."

"माझ्याकडे चार," मी म्हणालो.

तिने मान वर केली. "आणि आठचा आकडा?"

"तो फोनवर काढला."

ती हसायला लागली आणि मग थांबेना. मीही हसलो आणि हसता हसता सरळ सांगून टाकलं. "तू पंचवीस मिनिटं बोलायचीस. नाही तर 'जेवलास' विचारतेस आणि ठेवतेस. मला ते नको होतं."

ती हसायची थांबली. गवताची काडी तोडत म्हणाली, "मला वाटायचं, एकदा तरी म्हणशील की डावीकडे पडतो. मग मी सांगेन, माझ्याकडेही पडायचा. मग पुढचं सांगता आलं असतं."

"पुढचं काय?"

"तिकडे माझ्या ओळखीचं कुणी नाही, बाबा. दोन वर्षं झाली. रविवार जाता जात नाही म्हणून हा घेतला. पण उडवताना समोर कापड धरायला माणूस लागतं. मी दोन विटा ठेवायचे. एकदा पतंगाने मला विटांपर्यंत ओढत नेलं आणि मुठीजवळची दोरी विटेवरच कापली गेली." तिने मुठी हातात घेतल्या. "कंटाळून तुला पाठवला. मला वाटलं, तुझ्याकडे आई आहे धरायला."

दर रविवारी 'बरी आहेस ना' विचारत होतो आणि ती 'बरी' म्हणत होती, आणि तेही सील बघूनच मी पुढे जात होतो. मी उठलो, वीस मीटर चालत गेलो आणि कापडाची वरची कड दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. इतक्या लांबून तिला नीट ऐकू जावं म्हणून ओरडून म्हणालो, "मी धरलंय!"

"सोड!" ती ओरडली.

मी सोडला. पतंग वर गेला. मी मोजायला लागलो. तीन. चार. पाच. तो कललाच नाही. सरळ वर चढला, डोक्यावर जाऊन उभा राहिला आणि माझी लेक टाचा रोवून, मागे रेलून, किंचाळत मैदानभर घसरत गेली. बायको बाकावरून "अगं, जपून!" म्हणत उठली आणि कमरेला धरायला म्हणून धावली. मग त्या दोघी घसरत गेल्या. रखवालदार तंबूकडे मान वर करून बघत होता आणि परवानगीपत्राबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. एकशे चाळीसनंतर मी मोजणं सोडून दिलं.

चारची गाडी गेली. सहाचीही गेली. शेवटच्या गाडीत आम्ही तिला धुळीसकट बसवलं. तिच्या कामाच्या ठिकाणी तिने काय कारण सांगितलं ते मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी फोन आला. इकडे वारा नव्हता. पतंग कपाटात होता आणि मी तसं खरंखरं सांगितलं. उडवला नाही, काही घडलं नाही, सांगण्यासारखं काहीच नाही. "माझंही," ती म्हणाली. मग आम्ही काय बोलत बसलो ते आता आठवत नाही. बायको दोनदा फोन मागायला आली आणि दोन्ही वेळा मी तिला हाताने खूण केली की थांब, आम्ही बोलतोय.